वळूसाठीही लस हवी

टेक्सासमधील फ्रिस्को येथे आज अनेक मराठी कुटुंबे राहतात. तेथील प्रेस्टन रस्त्याने एकेकाळी गुरांचे कळप उत्तरेस हाकले जात. त्या राज्यात ट्रायकोमोनास नावाचा परजीवी गुरांना सतावतो. वळू धडधाकट दिसतो; गाय मात्र गाभडते किंवा पुन्हा पुन्हा उलटते. मान्य औषध नाही, म्हणून बाधित वळू बहुधा कसायाकडे जातो. टेक्सासने २००९ पासून वळूंची तपासणी सुरू केली, ते योग्यच. अमेरिकेत गायींसाठी लस आहे, पण तिने पुरते रक्षण होत नाही. रोग पसरवितो वळू आणि सुई मात्र गायीला, हे आम्हांस पटत नाही. कृत्रिम रेतनाने प्रश्न सुटतो खरा. पण अफाट कुरणांत ते कोण करणार? वासरू गेले की वर्ष गेले, हे दारात गाय बांधलेल्या आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होते.