शिक्षकांचा संघ कोणासाठी?

मार्च २०२३ मधील गोष्ट आहे. राज्यातील सरकारी व निमसरकारी नोकरवर्गाने जुनी पेन्शन परत मिळावी म्हणून त्या महिन्याच्या १४ तारखेपासून संप पुकारला होता, आणि शिक्षकवर्गही त्यात सामील झाला होता. आम्हीही आपल्या सहकाऱ्यांसह शाळेच्या फाटकाबाहेर बसलो होतो. शालान्त परीक्षा त्याच सुमारास चालू होती. दोन पेपरांच्या मधल्या एका मोकळ्या दिवशी दहावीची चार मुले विज्ञानातील काही शंका घेऊन आली. फाटकाला कुलूप पाहून ती थबकली, आमच्याकडे पाहून संकोचली, आणि काही न विचारताच माघारी वळली. त्यांतील एकाचे वडील रापणीवर जाणारे गृहस्थ. ते मात्र थांबले व सरळ आमच्याकडे पाहून म्हणाले, “मास्तरांनू, तुमचो संघ तुमच्या पोटासाठी, काय आमच्या पोरांसाठी?”

त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर दिले. पण ते उत्तर नव्हते, ती केवळ सारवासारव होती. २० तारखेस संप मिटला, शाळा उघडली, निकालही लागला. परंतु तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. या अंकाचे वाचक म्हणजे आमचे विद्यार्थी व त्यांचे आईबाप. त्या प्रश्नाचे विचारपूर्वक उत्तर देण्यास याहून योग्य जागा आम्हांस दिसत नाही.

प्रथम जे खरे आहे ते कबूल केले पाहिजे. तो संप आमच्या पोटासाठीच होता. १ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर जे नोकरीस लागले त्यांस जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन लागू नाही. एकाच खोलीत शेजारी शेजारी बसून एकच काम करणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकाच्या म्हातारपणाची सोय आहे व दुसऱ्याची नाही, हा भेद तरुण शिक्षकांस सलतो, आणि तो त्यांनी उघडपणे सांगितला. यात लाजण्यासारखे काय आहे? ज्याला उद्याची विवंचना आहे, त्याचे चित्त आजच्या धड्यावर स्थिर राहत नाही, हे कोणीही सुज्ञ मनुष्य मान्य करील.

शिक्षकाचा पगार ही केवळ शिक्षकाची खासगी बाब नव्हे, हे आपल्या प्रांतात फार पूर्वी एका थोर पुरुषाने ओळखले होते. महात्मा जोतीराव फुले हे पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेचे विद्यार्थी. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणाची दुर्दशा मांडली, आणि त्याच निवेदनात असे सुचविले की, प्राथमिक शिक्षक शिकून तयार झालेला असावा, त्याचे वेतन १२ रुपयांहून कमी नसावे, आणि मोठ्या गावांत ते १५ ते २० रुपये असावे. फुले हे काही शिक्षकांच्या संघाचे पुढारी नव्हते. शेतकऱ्याच्या मुलाला चांगली शाळा मिळावी एवढाच त्यांचा हेतू होता. आणि त्या हेतूचा विचार करता करताच ते शिक्षकाच्या पगारापर्यंत येऊन पोहोचले. पोट आणि पोर ही दोन टोके आहेत असे आपण समजतो. फुल्यांनी ती एका दोरीची दोन टोके आहेत असे दाखवून दिले.

कोणी म्हणेल, पगारापुरते बोला, पण शिक्षणाचे धोरण ठरविणे हे सरकारचे व विद्वानांचे काम आहे. त्यात शिक्षकांच्या संघाने का पडावे? या आक्षेपास इतिहासच उत्तर देतो. इंग्लंडात १८६२ साली असा नियम झाला की, इन्स्पेक्टराने वर्षातून एकदा येऊन वाचन, लेखन व गणित या विषयांत मुलांची परीक्षा घ्यावी, आणि जितकी मुले उतरतील त्या मानाने शाळेस पैसे द्यावेत. कागदावर हा नियम फार न्याय्य दिसत होता. वर्गात मात्र मुले पुस्तके पाठ म्हणू लागली, अर्थ हरवला, आणि मंद मुलगा शाळेला ओझे वाटू लागला. हे प्रथम कोणास कळले? खडू हातात धरणाऱ्यास. १८७० साली तेथील प्राथमिक शिक्षकांनी आपला राष्ट्रीय संघ स्थापन केला व या पद्धतीविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठविला. अखेर त्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती पद्धत मोडीत निघाली. बूट कोठे चावतो हे चांभारापेक्षा घालणाऱ्यास आधी कळते. आणि आपल्या कोकणचेच उदाहरण हवे असेल, तर कोतळूक येथे जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे मूळचे शिक्षकच होते. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले. पुढील वर्षी ते फेटाळले गेले, तरी शिक्षकाने शिक्षणाच्या कायद्याविषयी बोलू नये असे त्यावरून कोणी म्हणणार नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभाराव्यात असा विचार मांडला. वीस व त्याहून कमी मुलांच्या शाळा राज्यात १४,७८३ असून त्यांत १,८५,४६७ मुले व २९,७०७ शिक्षक आहेत, असे आकडे तेव्हा प्रसिद्ध झाले. म्हणजे शाळेमागे बारा-तेरा मुले व दोन शिक्षक. हिशेब करणाऱ्यास हा खर्च अवाजवी वाटणे स्वाभाविक आहे. आणि मोठ्या शाळेत सोबती, खेळ, ग्रंथालय अधिक मिळते हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो.

परंतु सिंधुदुर्गचा नकाशा मुंबईच्या कचेरीत सपाट दिसतो. येथे तो सपाट नाही. आमच्याकडे गाव म्हणजे एका जागी बसलेली वस्ती नव्हे. डोंगराच्या एका कुशीत एक वाडी, खाडीच्या पलीकडे दुसरी, मध्ये वहाळ, वहाळावर साकव. आषाढात वहाळ भरला म्हणजे नकाशावरचे एक किलोमीटर सहा वर्षांच्या मुलीला समुद्राएवढे होते. शिक्षणहक्काच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते याच कारणासाठी. वाडीतली शाळा मिटली तर मुलगा कदाचित गाडीने दूर जाईल. मुलगी घरी राहील. ही गोष्ट शिक्षकांच्या संघांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून सांगितली, आणि ती त्यांनी सांगितली नसती तर एवढ्या मोठ्याने कोण सांगणार होते? बारा मुलांच्या आईबापांना मोर्चा काढता येत नाही.

पुढील वर्षी सप्टेंबर महिन्यात अशा छोट्या शाळांत दोन शिक्षकांपैकी एक कंत्राटी नेमावा असा निर्णय झाला. त्याविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ रोजी प्राथमिक शिक्षकांनी सामुदायिक रजा घेतली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटी नेमणुकीचा तो निर्णय मागे घेण्यात आला. तसेच, कायद्याने जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांपलीकडे शिक्षकास शाळाबाह्य काम देऊ नये असे असताना नाना तऱ्हेच्या नोंदी व अहवाल यांत त्याचे दिवस जातात, याविरुद्ध २ ऑक्टोबर २०२३ रोजी शिक्षकांनी मोर्चे काढले. “आम्हांला शिकवू द्या” ही त्यांची मागणी होती. पगाराचा एक पैसाही न मागणारी ही मागणी आम्हांस सर्व मागण्यांत उदात्त वाटते.

येथपर्यंत आम्ही संघाची बाजू मांडली. परंतु जो वकील आपल्या अशिलाचे दोष पाहत नाही, त्याच्यावर न्यायाधीश विश्वास ठेवीत नाही. आणि येथे न्यायाधीश तुम्ही पालक आहात.

पहिला दोष असा की, आमची हाक नेहमी एकाच मोठ्या आवाजात निघत नाही. बदलीचा, श्रेणीचा, पेन्शनचा प्रश्न आला म्हणजे आम्ही गर्जतो. पाचवीतील मूल दुसरीचे पुस्तक वाचू शकत नाही, असे ऐकले म्हणजे पुटपुटतो. आमच्या जिल्ह्यात घाटावरून आलेले अनेक शिक्षक काही वर्षांनी आपल्या जिल्ह्यात बदलून जातात. त्यांनी घरी जावेसे वाटणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण मागे वर्ग रिकामा राहतो, आणि इकडे पदविका घेतलेले स्थानिक तरुण नेमणुकीची वाट पाहत बसतात. बदलीचा हक्क मागताना, रिकाम्या वर्गात दुसरा शिक्षक येईपर्यंत काय करावे हेही त्याच अर्जात लिहिले पाहिजे.

दुसरा दोष फुटीचा. प्राथमिकांचे संघ वेगळे, माध्यमिकांचे वेगळे, आणि त्यांतही पुन्हा तट. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाने विधान परिषदेत शिक्षकांस जागा दिल्या आहेत. आपल्या राज्यात ७८ पैकी ७. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या शिक्षकांचा एक कोकण मतदारसंघ आहे. पण मत केवळ माध्यमिक व त्यावरील शाळांच्या शिक्षकांस. वाडीवरच्या प्राथमिक शिक्षकास, ज्याच्या हाती अक्षराचा आरंभ आहे, त्याला ते नाही. आणि जानेवारी २०२३ च्या निवडणुकीतही राजकीय पक्षांची झुंज दिसलीच. ज्या जागेवरून शाळेचा आवाज ऐकू यावा तेथून पक्षाचा आवाज येऊ लागला, तर ऐकणारा कान झाकून घेतो.

तिसरी गोष्ट ताजी आहे व आमच्या वर्मी लागणारी आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, पहिली ते आठवीस शिकविणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक नोकरी शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न मात्र अधिक मोठ्या खंडपीठाकडे सोपविला. वीस-पंचवीस वर्षे शिकविल्यावर नेमणुकीच्या वेळी नसलेली अट लावणे अन्यायाचे आहे, असे संघांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. खेळ अर्धा झाल्यावर नियम बदलू नये. तथापि जे आम्ही दर सहा महिन्यांनी मुलांना परीक्षेस बसवितो, त्या आम्हीच परीक्षेच्या नावाने घाबरलेले दिसलो, तर मुले काय समजतील? संघाने नियमाविरुद्ध जरूर भांडावे. पण त्याच वेळी सभासदांसाठी अभ्यासवर्गही उघडावेत. एका हातात अर्ज व दुसऱ्या हातात पुस्तक असा शिक्षक लोकांस पटतो.

१९६६ साली युनेस्को व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी शिक्षकांच्या दर्जाविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत शिक्षकांच्या संघटना शिक्षणाच्या प्रगतीस हातभार लावणारी शक्ती आहेत व धोरण ठरविताना त्यांस सहभागी करून घ्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. हा मान आम्हांस हवा असेल तर आमच्या मते तीन गोष्टी संघाने पाळाव्यात. एक, संप किंवा रजा यांचा निर्णय करण्यापूर्वी पालकांची सभा बोलावून कारण सांगावे व त्यांचे ऐकावे. दोन, जितके दिवस वर्ग बंद राहील तितके दिवस सुटीतून भरून द्यावेत, आणि परीक्षेच्या दिवसांत शंका घेऊन येणाऱ्या मुलासाठी एक खोली नेहमी उघडी असावी. तीन, प्रत्येक मागणीपत्रात निदान एक कलम असे असावे की ज्यात शिक्षकाचा काडीचाही लाभ नाही, केवळ मुलाचा आहे.

दुसरी गोष्ट आम्ही स्वतःपुरती आधीच पाळू लागलो आहो. संप मिटल्यावर आम्ही त्या चार मुलांना बोलावून घेतले, परंतु तोवर विज्ञानाचे पेपर होऊन गेले होते. ती मुले काही बोलली नाहीत. मुले अशा वेळी बोलत नाहीत, म्हणूनच त्यांच्या वतीने बोलणारा कोणीतरी लागतो. मुलांनो, तुमची त्या दिवसाची शंका फाटकाबाहेर राहिली, ती आमची चूक होती. संपाला बसलो ही नव्हे. कुलूप लावून बसलो ही.

आणि त्या पालकगृहस्थांस आमचे उशिरा सुचलेले उत्तर असे: रापण ओढायला अनेक हात लागतात, आणि प्रत्येकास वाटा मिळतो, वाटा मागणारा माणूस लोभी ठरत नाही. पण जो दोर ओढायच्या वेळी हात सोडून केवळ वाट्याच्या वेळी येतो, त्याला किनाऱ्यावर मान नाही. आमचा संघ आमच्या पोटासाठी आहे, आणि तुमच्या पोरांसाठीही आहे. यांतील दुसरा भाग आम्ही विसरू, त्या दिवशी तुम्ही फाटकाशी येऊन तोच प्रश्न पुन्हा विचारावा. तो विचारण्याचा तुम्हांस पूर्ण अधिकार आहे, आणि ऐकून घेणे हे आमचे कर्तव्य आहे.