‘तू इथेच बस, येताना घेतो’

परीक्षा संपली की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘ट्रेक?’ आणि दुसरा असतो तो सांदणचा. कुणीतरी रील टाकतं. दोन्ही बाजूंना उंचच उंच काळ्या भिंती, मधून उन्हाची एक तिरीप, खाली मुंगीएवढी माणसं. झालं, ठरला प्लॅन! कोण किती चालू शकतं, हे विचारायचं राहूनच जातं.

आम्हीही तसंच केलं होतं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात नऊ जण साम्रदला पोचलो. घळीत शिरल्यावर थोड्याच वेळात पाण्याचं डबकं लागलं आणि आमच्यातली एक मैत्रीण थांबली. पाणी बर्फासारखं, तिला पोहता येत नाही, आणि दगडांवरून उतरून उतरून गुडघा आधीच बोलायला लागला होता. मागे दुसरा ग्रुप खोळंबलेला. तेव्हा एकानं ते वाक्य टाकलं, ‘तू इथेच बस ना, येताना घेतो.’

तो एक जण म्हणजे मी.

अडीच तास ती तिथे बसली. ऊन पोचत नाही म्हणून ज्या जागेचं आपल्याला एवढं कौतुक, त्याच सावलीत. नेटवर्क नाही. तिचा स्वेटर कॉमन बॅगेत आणि ती बॅग आमच्याबरोबर पुढे. परत आलो तेव्हा ती काही बोलली नाही, ग्रुप फोटोत हसलीसुद्धा. पण नंतरच्या प्रत्येक ट्रेकला तिचं उत्तर एकच, ‘घरी काम आहे रे.’

चूक माझीच होती, त्यात वाद नाही. पण मला वाटतं, वाटेनंही ती चूक सोपी करून दिली. ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं परत यायचं असलं, की दमलेल्या माणसाला सामानासारखं कडेला ठेवता येतं. गोल वाटेवर ही सोयच नसते, कारण आपण त्या जागी परत येणारच नसतो. मग एक तर सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगानं सगळे चालतात, नाहीतर सगळे मिळून मागे फिरतात. म्हणून माझं म्हणणं असं, की नव्या ग्रुपचा पहिला ट्रेक गोल, सोपा आणि जमलं तर सावलीतला असावा. सांदण कुठे पळून जात नाही.

‘सोपा’ म्हटलं की लगेच नाकं मुरडली जातात. मी माथेरानचं नाव काढलं तेव्हा ग्रुपवर हसणाऱ्या इमोजींचा पाऊस पडला. ‘चिक्की आणायला चाललोय का?’ चिक्की आणाच. पण माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान, आणि बाजारपेठ मागे टाकली की ते रान खरंच आहे. जांभूळ, हिरड्याची दाट झाडी, तांबडी माती, आणि मोटारींना बंदी असल्यामुळे हॉर्न नाही.

आता प्लॅन. नेरळला लोकलनं उतरा, शेअर टॅक्सीनं दस्तुरी नाक्यावर या. तिथे प्रवेश कर भरावा लागतो, सुटे पैसे ठेवा. पुढे बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर चालत जा, किंवा अमन लॉजहून शटल ट्रेन पकडा. गोल सुरू होतो बाजारातून. पिसरनाथाच्या देवळाकडून शार्लोट लेक, तिथून एको पॉइंट, मग लुइझा पॉइंट आणि दुसऱ्या वाटेनं परत बाजार. लुइझावरून समोर प्रबळगड दिसतो, फोटोची हौस तिथे फिटते. मात्र कड्याच्या टोकावर जाऊन नको. लेकमध्येही उतरायचं नाही, ते गावाचं पिण्याचं पाणी आहे.

वेळ ठरवताना ग्रुपमधल्या सगळ्यात फिट मुलाला विचारू नका. तो म्हणेल, ‘दीड तास, बास!’ सगळ्यात कमी चालणाऱ्याला विचारा आणि त्याच्या उत्तरात एक तास मिळवा. थंडीत सहाच्या सुमारास ऊन जातं, आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. तेव्हा सकाळी लवकर सुरुवात केलेली बरी.

अजून एक गोष्ट नकाशावर आधीच बघून ठेवा, ती म्हणजे अर्धी वाट कुठे होते. अर्ध्याच्या अलीकडे कुणी दमलं तर मागे फिरणं जवळचं. पलीकडे गेल्यावर पुढे जाणंच जवळचं. म्हणजे ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न अर्ध्याच्या आधी विचारायचा. आमच्या वाटेवर ती जागा म्हणजे लेकचा काठ. आणि सगळ्यांच्या समोर नाही विचारायचं. घोळक्यात कुणीच ‘मी दमलोय’ म्हणत नाही, मीसुद्धा नाही म्हणणार. बाजूला घेऊन, पाणी पिता पिता विचारा. कुणी नको म्हटलं तर सगळ्यांनी मागे वळायचं आणि बाजारात वडापाव खायचा, हे घरून निघतानाच ठरलेलं असू दे. तिथे गेल्यावर ठरवायला बसलात तर मतदान होतं, आणि दमलेला एकटा हरतो.

पाणी आणि स्वेटर ज्याचं त्याच्याच पाठीवर. कॉमन बॅग बंद.

गेल्या महिन्यात मी तिला हा प्लॅन पाठवला. बराच वेळ नुसत्या निळ्या टिक. मग विचारलं, ‘येताना त्याच वाटेनं?’ मी म्हटलं, ‘नाही, गोल आहे.’ येत्या रविवारी आम्ही सहा जण जातोय. तिनं फक्त एकच अट घातलीय, पुढे ती चालणार.

आणि हो, पांढरे शूज घालू नका. तांबडी धूळ धुऊन जात नाही. खाऊची प्लॅस्टिकची पिशवीही हातात नको, माकडं ती लांबूनच ओळखतात.