पित्ताच्या गोळीस मुदत असावी

मा. संपादक महाशय यांस,


‘पित्ताची गोळी’ या घरगुती नावाने जी सर्वपरिचित आहे आणि न्याहारीपूर्वी जी घेणे हा मुखमार्जनाइतकाच नित्याचा परिपाठ होऊन बसला आहे, त्या ओमेप्राझोल-पँटोप्राझोल वर्गातील औषधांविषयी एक फिर्याद आपल्या दफ्तरी रुजू करण्याची मुभा असावी.

माझ्या मातोश्रींना गुडघेदुखीच्या औषधासोबत ही गोळी मिळाली. दुखण्याचे औषध तीन आठवड्यांत थांबले. हिचे पाकीट मात्र देवघराशेजारच्या पितळी डब्यात नऊ वर्षे अव्याहत भरले जात राहिले. पुढे पायांना मुंग्या येऊ लागल्या, रक्तात बी-12 जीवनसत्त्व फार कमी निघाले, तेव्हा जुनी चिठ्ठी शोधून काढली. तीवर ‘सकाळी उपाशीपोटी एक’ एवढेच लिहिलेले होते. कधीपर्यंत, याचा उल्लेखच नव्हता. दोष केवळ गोळीचाच, असा माझा दावा नाही. परंतु दीर्घकाळच्या सेवनाने हे जीवनसत्त्व घटू शकते, हे वैद्यकास ज्ञात आहे, आणि अस्थिभंगाविषयी 2010 साली व मॅग्नेशियम घटण्याविषयी 2011 साली अमेरिकेच्या औषध नियामकाने जाहीर इशारेही दिले आहेत.

जठरव्रणाच्या रुग्णांवर या औषधाचे उपकार थोर आहेत, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु आपण ज्यास पित्त म्हणतो ते बहुधा यकृतातले पित्त नसून जठरातले आम्ल असते, आणि अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडल्याने ते वर चढते. गोळी आम्ल घटवते, झडप आवळत नाही. म्हणूनच रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी तीन तास आटोपणे आणि खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवणे, हे आमच्या घरी आता वैद्यांच्याच सल्ल्याने चालते. त्यातून गोळी एकाएकी सोडली की आम्ल काही काळ अधिकच उसळते आणि रोग परतला असे समजून रुग्ण पुन्हा दुकानाची पायरी चढतो. तेथे लाल रेघेचे हे औषध चिठ्ठीवाचून बेलाशक मिळते.

माझी मागणी इतकीच, की साध्या जळजळीस बहुधा चार ते आठ आठवडे पुरणाऱ्या या औषधाच्या चिठ्ठीवर ते थांबविण्याची किंवा फेरतपासणीची तारीख लिहिण्याचा दंडक व्हावा, आणि चिठ्ठीवाचून विक्रीची मनाई कागदावर न राहता अंमलात यावी. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र हे पत्र वाचून पित्ताची गोळी परस्पर सोडू नये; प्रथम आपल्या डॉक्टरांस विचारावे.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा