एकदा समुद्रमार्गे जावे

गेल्या दिवाळीस अमेरिकेहून आलेल्या आमच्या मुलाने परत जाण्याच्या आदल्या रात्री जेवताना एक गोष्ट अशा सहजपणे काढली, की तिचा निकाल लावण्यास मला पुढे सहा महिने लागले. न्यू जर्सीस येण्याचे तुम्ही दोघांनी कबूल केलेच आहे, तर या खेपेस लंडनपर्यंत विमानाने यावे आणि तेथून पुढे साउथॅम्प्टनच्या बंदरात जहाजावर चढून, सात रात्री अटलांटिक महासागरावर काढून, न्यूयॉर्कास उतरावे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या आईने ते सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "आणि मधेच जिवाला बरं वाटंना झालं, तर उतरायचं कुठं रे?"

हाच प्रश्न रत्नागिरी-मालवणकडील कोणी विचारला असता तर त्यास फारसे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. परंतु आम्ही बालाघाटाच्या पठारावरची माणसे, आमचे आजे-पणजे ज्या निजामाच्या मुलखात रयत म्हणून राहिले त्या मुलखास समुद्रकिनारा असा नव्हताच, आणि आमच्या पिढीस पाण्याची खरी ओळख झाली ती त्याच्या अभावातून. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरास आली, आणि पुढे पावसाळा लागेपर्यंत गावाचे डोळे त्या रेल्वेकडे लागलेले असत. ज्याने पिण्याचे पाणी रुळांवरून येताना पाहिले आहे, त्या माणसास सात दिवस जमीन दृष्टीस पडणार नाही असे सांगितले असता त्याच्या पोटात गोळा यावा, यात भित्रेपणा मुळीच नाही. तथापि इतिहासाचा दाखला निराळाही आहे. राष्ट्रकूट राजे आपणांस 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, हे लत्तलूर म्हणजे आमचे लातूरच असे बहुतेक इतिहासकार मानतात, आणि त्याच राजांस नवव्या शतकातील अरब व्यापारी 'बल्हरा' या नावाने ओळखून जगातील चार थोर राजांत त्यांची गणना करीत असत. समुद्र आमच्यापासून दूर असला, तरी आमचे नाव समुद्रापलीकडे गेलेले होते.

पूर्वी या प्रश्नाचा निकाल धर्मशास्त्रच लावून टाकी. समुद्रप्रवास पातकांत मोडतो असे बौधायनाच्या धर्मसूत्रात आहे, कलिवर्ज्यांतही त्याचा निषेध आला, आणि सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात बेड्या मोजून दाखविल्या त्यांत सिंधुबंदी ही एक होती. ही बेडी एका मराठी मुलीने ज्या रीतीने तोडली, ती रीत मला या विषयात सर्वाधिक अनुकरणीय वाटते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे, तेथील कॉलेजच्या दिवाणखान्यात, वयाची अठरा वर्षेही पुरी न झालेल्या आनंदीबाई जोशी उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेस का जात आहो, याचा खुलासा त्यांनी भरसभेत इंग्रजीतून केला. लोक आपल्या पाठीमागे जे प्रश्न विचारतात ते त्यांनी स्वतःच मांडले: अमेरिकेसच का जाता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, परत आल्यावर जातिबहिष्कृत होणार नाही काय, काही संकट ओढवले तर काय कराल, आणि आजवर कोणत्याही स्त्रीने जे केले नाही ते तुम्हीच का करावे. अशा सहा प्रश्नांस सहा उत्तरे देऊन त्या ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कास पोहोचल्या. जवळजवळ दोन महिन्यांच्या त्या प्रवासात पती गोपाळराव बरोबर नव्हते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाने त्यांस एम.डी. ही पदवी दिली, त्या समारंभास हजर राहता यावे म्हणून पंडिता रमाबाई त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून गेल्या, आणि पुढे १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर व आपल्या प्रवासवृत्तावर मराठीत ग्रंथ लिहिला. मराठी स्त्रियांनी हा महासागर कशासाठी ओलांडला याचा जमाखर्च असा स्वच्छ लिहून ठेवलेला असताना, आपण आपल्या प्रवासाची सबब निदान स्वतःपुरती तरी स्वच्छ सांगावी, असे मला वाटले.

आता जातिबहिष्काराचे भय राहिले नाही. त्याची जागा उधळपट्टीच्या आरोपाने घेतली आहे. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात भेटलेले एक स्नेही मला तळमळीने म्हणाले, की विमान जे अंतर सात-आठ तासांत तोडते तेथे अधिक पैसा भरून सात दिवस लावणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे, त्या रकमेत चारधाम दोनदा होतील. त्यांचे म्हणणे हिशेबाने चूक नाही. परंतु लातुरातील ज्या हजारो आईबापांनी 'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्यांत पोरांच्या पहाटेच्या उठण्याबरोबर आपलीही झोप सोडली, आणि ज्यांची पोरे त्या अभ्यासाच्या बळावर पुढे समुद्रापलीकडे जाऊन स्थिरावली, त्या आईबापांपैकी मीही एक आहे. आम्ही सुनेच्या बाळंतपणास एकदा विमानाने गेलो होतो. मुंबईत रात्री डोळे मिटले, एका अनोळखी विमानतळावर दुसऱ्या विमानात बसलो, पुन्हा डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा मुलगा समोर होता. दहा दिवस दिवसाची रात्र झालेली, आणि मूल आपल्यापासून किती दूर राहते याचे ज्ञान मात्र जाताना होते तेवढेच. फोनच्या पडद्यावर तो रोज दिसतो, म्हणून तो जवळ आहे असा एक समज आम्ही करून घेतला आहे, आणि त्या समजापायी, तो दोन वर्षे आला नाही की आम्ही त्याच्यावर रुसतो. हे अंतर एकदा देहाने मोजावे, रोज सकाळी उठून अजूनही पाणीच आहे असे पाहावे, आणि मग त्याच्या दारात उभे राहावे, म्हणजे त्याच्या न येण्याचा अर्थही आपणांस कळेल. जहाजाने जाण्याची माझी सबब ही आहे.

व्यवहाराची बाजू थोडक्यात सांगतो. साउथॅम्प्टन-न्यूयॉर्क हा मार्ग नेमाने चालविणारे असे जहाज आज 'क्वीन मेरी २' हे एकच उरले आहे. ते २००४ पासून चालते, त्याची लांबी ३४५ मीटर आहे, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या सहलीच्या जहाजांप्रमाणे नव्हे, तर उघड्या महासागराच्या लाटा सोसण्यासाठीच त्याची बांधणी झालेली आहे. पश्चिमेकडे जाताना वाटेत पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात, त्यामुळे पंचवीस तासांचे पाच दिवस मिळून देह हळूहळू अमेरिकेच्या वेळेवर येतो. आमच्या वयाच्या माणसांस हा लाभ लहान नव्हे, आणि पूर्वेकडे येताना तो मिळत नाही, सबब जाताना जहाज आणि येताना विमान हाच क्रम योग्य. हिवाळ्यात तो समुद्र फार खवळतो. जून ते ऑगस्ट हा काळ त्यातल्या त्यात सौम्य, मात्र न्यूफाउंडलंडच्या बाजूस धुके असते. टायटॅनिकचे नाव आमच्या घरीही निघाले. १९१२ च्या त्या दुर्घटनेनंतर, १९१४ पासून, हिमनगांवर पाळत ठेवण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था त्या समुद्रात सुरू झाली, आणि जितकी माणसे तितक्या होड्यांची तजवीज जहाजावर असलीच पाहिजे, हा दंडक पडला. अमेरिकेच्या व्हिसाबरोबर इंग्लंडचाही व्हिसा लागतो, तो आधी हातात नसेल तर तिकिटाचे पैसे भरण्याची घाई करू नये.

परंतु घरच्या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कशातच नाही, आणि तो प्रश्न खरा आहे. मध्यसमुद्रात उतरता येत नाही. जहाजावर डॉक्टर व दवाखाना असतो, पण प्रवासाच्या मधल्या काळात कोणत्याच किनाऱ्यावरून हेलिकॉप्टर पोहोचू शकत नाही, आणि छातीत कळ आली तर जे काही व्हायचे ते त्या दवाखान्यातच होणार. म्हणून ज्याच्या हृदयावर वर्षभरात शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यास डायलिसिस लागते किंवा ज्याचे औषध वरचेवर बदलावे लागते, त्याने मनाची कितीही ओढ असली तरी हा मार्ग धरू नये. विमानाने जावे आणि मुलाकडे चार दिवस अधिक राहावे. जमीन विकून किंवा कर्ज काढूनही कोणी जाऊ नये. आम्ही दोघांनी आपल्या तपासण्या करून घेतल्या, डॉक्टरांचा कागद हाती पडला, आणि निवृत्तीच्या वेळी बाजूला ठेवलेल्या रकमेतून खर्च भागतो याची खात्री झाली. त्यानंतरच मुलाच्या आईने होकार दिला, आणि तो होकार मिळेपर्यंत थांबलो याचे मला समाधान आहे.

आनंदीबाईंची प्रकृती अमेरिकेतच ढासळली होती. १८८६ च्या अखेरीस त्या समुद्रमार्गेच परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा पुढे अटलांटिक ओलांडून, ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांस न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून मुलीसारखे घरी नेले होते, त्यांच्याकडे गेली आणि त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवली गेली. ती स्मशानभूमी न्यूयॉर्कच्या उत्तरेस हडसन नदीच्या काठी, पोकिप्सी या गावी आहे. आम्ही पुढील वर्षीचा जून मुक्रर केला आहे, आणि जहाजातून उतरल्यावर पहिल्या रविवारी मुलगा आम्हांस तेथे नेणार आहे.