ठोका खालीवर होतोय? होऊ दे!

दादरच्या एका आजींनी या आठवड्यात मला त्यांच्या सुनेच्या मोबाइलचे फोटो पाठवले. नातू सव्वा महिन्याचा, पूर्ण दिवसांचा, अंगावर नीट पिणारा, वजन छान वाढणारा. परदेशातल्या मामानं त्याच्यासाठी हृदयाचे ठोके मोजणारा पायमोजा पाठवलाय. मोबाइलवर कधी १२४, कधी १५१, कधी १३३. ‘आकडा स्थिर का राहत नाही?’ या काळजीनं सुनेची झोप उडाली आहे. मला आजींचा राग आला नाही, सुनेचा तर नाहीच. राग आला तो धडधाकट बाळाच्या आईला आधी भीती आणि मग मोजा विकणाऱ्यांचा. मागे थर्मामीटरवरच्या एका लेखात मी लिहिलं होतं की आकडा हाती आला की आपण बाळाकडे बघायचं विसरतो. या आठवड्यानं ते पुन्हा दाखवून दिलं.

सुदृढ तान्ह्या बाळाचा ठोका खालीवर होतो, तो व्हायलाच हवा. तो एका आकड्यावर चिकटून राहिला, तर डॉक्टरांच्या कपाळावर आठी येते.

हृदयाला धडधडायला मेंदूची गरज नसते. गर्भधारणेनंतर साधारण २२ व्या दिवशी ते ठोके द्यायला लागतं, तेव्हा मेंदूकडून येणारी एकही नस तिथवर पोचलेली नसते. मोठ्या माणसाचं हृदय त्याच्या मर्जीवर सोडलं, तर मिनिटाला शंभराच्या आसपास चालेल. शांत बसलेलं असताना ते सत्तरवर असतं, कारण मेंदूतून छातीत उतरणारी व्हेगस नस त्याला सतत आवरत असते. श्वास आत घेतला की ती जराशी ढील देते, ठोके वाढतात. श्वास सोडला की पुन्हा खेचते, ठोके उतरतात. चाळीच्या गच्चीवर पतंग उडवणाऱ्याचा हात एका जागी कधी राहतो का? लहान मुलांच्या ईसीजीवर ‘सायनस अरिदमिया’ असं छापून येतं आणि आईबाप हादरतात, ते बहुतेक वेळा हेच श्वासाबरोबरचं खालीवर होणं असतं.

व्हेगसचा हा आवरणारा हात नसेल तर काय होतं, हे परळनं फार लवकर पाहिलं असतं. केप टाउनला बार्नार्ड यांनी पहिलं हृदयरोपण केल्याला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी परळच्या केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं हृदयरोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला, म्हणून ते पाहायचं राहून गेलं. त्यानंतर केईएममध्ये पुन्हा हृदयरोपण व्हायला २०२४ साल उजाडलं. मधल्या काळात जगभरच्या रुग्णांनी शिकवलं, ते असं: रोपण करताना हृदयाकडे जाणाऱ्या नसा कापल्या जातात, शिवता येतात त्या फक्त रक्तवाहिन्या. म्हणून रोपण केलेलं हृदय माणूस विश्रांती घेत असतानाही ९० ते ११० च्या पट्ट्यात, जवळपास एका तालात चालतं. माणूस जिना चढू लागला तरी त्याला लगेच कळत नाही. रक्तातून अॅड्रिनॅलिन पोचेल तेव्हा ते सावकाश वेग घेतं, आणि माणूस खुर्चीत बसल्यावरही बराच वेळ धावत राहतं. वर्षांनंतर काही तंतू पुन्हा वाढतात, पण पूर्वीचं बारीक आवरणं फारसं परत येत नाही. मोज्यावर हाच आकडा आदर्श दिसला असता: स्थिर, नीटनेटका. प्रत्यक्षात मेंदूपासून तुटलेल्या हृदयाची ती खूण आहे.

आता केईएमच्याच आचार्य दोंदे मार्गावर वाडियात चला. नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ चं, मुलांसाठीचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ चं. गिरण्यांच्या या वस्तीतल्या बायकामुलांसाठी वाडिया बंधूंनी आईवडिलांच्या नावानं ती उभारली. अशा रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता विभागात सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा आलेख बघितला, तर तोही पूर्ण दिवसांच्या बाळाच्या आलेखापेक्षा सपाट दिसतो. फरक एवढाच की त्याची नस कापलेली नाही, ती अजून तयार होते आहे. नसेवर मायलिनचं वेष्टन चढल्याशिवाय निरोप वेगानं जात नाहीत. व्हेगसवर ते चढायला गर्भाच्या शेवटच्या तिमाहीत वेग येतो आणि जन्मानंतरही कित्येक महिने ते काम चालू असतं. लवकर आलेलं बाळ हे काम अर्धवट टाकून आलेलं असतं. म्हणून एकीकडे त्याचा ठोका पुरेसा लवचिक नसतो, आणि दुसरीकडे श्वास घ्यायला विसरलं की ठोके एकदम कोसळतात. यावर परिचारिका तळव्याला हलकी टिचकी मारते, डॉक्टर कॅफिन देतात. होय, कॉफीतलंच. २००६ च्या मोठ्या चाचणीनंतर ते जगभर रुळलं.

रोपणाचा रुग्ण आणि सातमाशी बाळ यांना मी शेजारी बसवतो, ते दोघांचे आलेख सारखे दिसतात एवढ्यासाठी नाही. एकाला जे परत मिळणं अवघड आहे, ते दुसऱ्याला आठवड्या-आठवड्यानं मिळत जातं. ठोक्यातली हालचाल वाढते आहे म्हणजे बाळाच्या मज्जासंस्थेची जुळणी पुढे सरकते आहे.

हालचाल अचानक कमी होणं याचाही अर्थ असतो. १९६३ मध्ये हॉन आणि ली यांनी दाखवलं की गर्भ संकटात येतो तेव्हा ठोक्यांची संख्या बदलण्याआधी दोन ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार बदलतो. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी रक्तातल्या जंतुसंसर्गाची चाहूल ठोक्यांच्या चढउतारातूनच टिपली. त्यांच्या २०११ च्या चाचणीत फार कमी वजनाची ३,००३ बाळं होती. ज्यांच्या खाटेजवळ ठोक्यांच्या चढउताराचा निर्देशांक दिसत होता, त्यांच्यातले मृत्यू १०.२ टक्क्यांऐवजी ८.१ टक्के झाले. म्हणजे मोजणं वाईट नाही. ते कुणाचं, कुठं आणि कोण बघतंय, यावर सगळं आहे.

घरच्या मोजण्याबद्दल २००१ चा अमेरिकन अभ्यास वाचा. १,०७९ बाळांवर घरी यंत्रं लावली, तेव्हा ४१ टक्के बाळांच्या बाबतीत धोक्याची नेहमीची पातळी निदान एकदा ओलांडली गेली. पूर्ण दिवसांची धडधाकट बाळंही त्यात होती. यंत्र ओरडणं आणि बाळ आजारी असणं यांत एवढं अंतर आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२२ मध्ये पुन्हा बजावलं की झोपेतला अचानक मृत्यू टाळायला घरच्या यंत्रावर विसंबू नका. बाळाला पाठीवर, कडक गादीवर, उशी-दुलईशिवाय झोपवा. त्या सुनेनं २०११ चा लॅन्सेटमधला अभ्यासही वाचावा: बाळाचे ठोके सरासरीनं जन्मावेळी १२७, महिन्याच्या सुमारास १४५ आणि दोन वर्षांपर्यंत ११३. सव्वा महिन्याचं बाळ म्हणजे ऐन शिखरावर आहे. दूध ओढणं सुटलं, ओठ निळे पडले, छाती आत ओढली जातेय, अंग ढिलं पडलंय किंवा ताप आहे, तर आकडा न बघता दवाखाना गाठा.

आणि मज्जासंस्थेच्या जुळणीला मदत करायचीच असेल, तर ती मोज्यानं होत नाही, छातीनं होते. १९७८ मध्ये बोगोताच्या रुग्णालयात इन्क्युबेटरच्या पेट्या पुरेनात, तेव्हा लवकर जन्मलेली बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधली गेली. आपल्याकडचे डॉक्टर त्याला केएमसी, म्हणजे कांगारू मदर केअर, म्हणतात. इस्रायलच्या रूथ फेल्डमन यांनी अशी ७३ बाळं आणि पेटीतली ७३ बाळं तपासली. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं की छातीवरच्या बाळांच्या व्हेगसची पकड लवकर पक्की होते. २०१४ मध्ये, तीच मुलं दहा वर्षांची झाल्यावर, फरक अजून दिसत होता. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांत झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मताच छातीवर घेतलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. एवढं हाती असताना वॉर्डात आईला खुर्ची नाही, बाबांना आत प्रवेश नाही, आजीनं बाळाला छातीशी धरायचं तर परवानगी नाही, अशी रुग्णालयं या शहरात असावीत, हे मला सहन होत नाही.

आवाज हा माझा जुना विषय इथे येणारच. या बाळांसाठी वॉर्डात आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झाले, तर तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० ही मर्यादा २००० च्या नियमांतच आहे. परळ-लालबागच्या रस्त्यांवर ती कोण पाळतं? कर्ण्यांच्या भिंती आणि टॅक्सीचे हॉर्न त्या अर्धवट नसांवर आदळतात, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पालिकेनं दोंदे मार्गावर आवाजमापक बसवावा, आणि रोजचा आकडा रुग्णालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावा.