घरचा मिस्त्री : पाच दिवे, दुखणे एकच



वाडीतल्या पाच घरांच्या नळांना एकाच सकाळी पाणी आले नाही, तर आपण पाच नळ बदलायला घेत नाही. आपण टाकीकडे जातो. टाकी भरली असेल तर व्हॉल्व्ह पाहतो. एवढी साधी गोष्ट आपल्याला कळते, पण गाडीच्या काचेखालच्या पाट्यावर पाच दिवे एकदम पेटले की आपलीच मती गुंग होते. पाच दिवे म्हणजे पाच बिघाड, असे धरून माणूस कर्जाचा हिशेब करू लागतो. आज याच दिव्यांविषयी बोलू.

हे दिवे आता आपल्या दारात आले आहेत. १ एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना ए.बी.एस. सक्तीचे झाले. करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी ही व्यवस्था. तिच्या पाठोपाठ वळणावर गाडी घसरू लागली तर सावरणारी, चढावर गाडी मागे जाऊ न देणारी, पुढच्या वाहनाशी धडक होईल असा इशारा देणारी आणि रस्त्यावरची पांढरी रेघ ओलांडली की सांगणारी, अशा आणखी व्यवस्था निघाल्या. प्रत्येकीचा दिवा वेगळा. पण आतली गंमत अशी की, या साऱ्या जणी एकाच टाकीचे पाणी पितात. चार चाकांचे वेग मोजणारे चार सेन्सर, स्टिअरिंग किती वळले ते सांगणारा एक, ब्रेकच्या पेडलजवळचा एक छोटा स्विच आणि बॅटरीचा स्वच्छ करंट. यांतले एक बिनसले की सगळ्या एकदम तक्रार करतात.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. ताईचे घर रोह्याकडे. भाताची शेती, भात निघाले की त्याच ओलीवर कडवे वाल. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून भाच्याच्या डोक्यात घरगाडीने घर केले होते. कोलाडला कुंडलिकेच्या पाण्यात होड्या मारायला पाहुणे येतातच, थंडीत त्यांना पोपटी खाऊ घालू, गाडीतच झोपायची सोय देऊ, असा त्याचा बेत. शेवटी बँकेचे कर्ज काढून त्याने व्हॅन घेतली. आत पलंग, छोटा फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप आणि या सगळ्यांसाठी दुसरी बॅटरी बसवून घेतली. छपरावर सोलरचा पत्राही आला.

ऐन जुलैत एका संध्याकाळी त्याचा फोन आला. अलिबागहून पाहुण्यांना घेऊन वडखळ, नागोठणे करत तो रोह्याकडे निघाला होता. भिसे खिंडीत गाडी चढत असताना एकामागून एक पाच दिवे पेटले. मागे दोन लहान मुले झोपलेली, बाहेर धो धो पाऊस.

"मामा, सगळे दिवे पेटलेत. गाडी मात्र चालतेय."

"लाल आहेत की पिवळे?"

"पिवळे."

"ब्रेकचं पेडल घट्ट लागतंय का? पाय खाली जात नाही ना?"

"नाही, घट्ट आहे."

"मग खालच्या गिअरमध्ये, अंतर राखून, सावकाश घरी जा."

वाचकहो, हा पहिला प्रश्न तुम्हीही पाठ करून ठेवा. लाल दिवा म्हणजे थांबा. ऑइलचा, इंजिन तापल्याचा किंवा ब्रेकचा लाल दिवा असेल तर एक मैलही पुढे जाऊ नये. हँडब्रेक सोडलेला असूनही ब्रेकचा लाल दिवा आणि ए.बी.एस.चा पिवळा दिवा दोन्ही पेटले असतील, तर ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते, किंवा मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी होण्याचा धोका असतो. ती गाडी हाकायची नाही. नुसता पिवळा दिवा म्हणजे साधा ब्रेक चालू आहे, पण मदतनीस रजेवर गेला आहे. ओल्या रस्त्यावर जपून न्यावी आणि लवकर दाखवावी.

दुसऱ्या दिवशी एका ठिकाणी गाडी दाखवली. तिथे सांगितले, ए.बी.एस.चा आख्खा डबाच बदलावा लागेल. आकडा ऐकून ताईने कपाळाला हात लावला. लावणीच्या मजुरीला नुकतेच पैसे गेले होते, आणि बँकेचा हप्ता काही पाऊस बघून थांबत नाही. भाचा गाडी घेऊन पेणला माझ्याकडे आला.

आता माझी चूक सांगतो. मी स्कॅनर लावला. गाडी आपली दुखणी आठवणीत लिहून ठेवते, ती या यंत्रावर वाचता येतात. त्यात एक तक्रार डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरची होती, आणि चार निरनिराळ्या डब्यांनी एकच ओळ लिहिली होती : व्होल्टेज कमी. मी चाकाची तक्रार पकडली, कारण ती मला ओळखीची होती. चाक काढले तर सेन्सरवर चिखलाचा लपका बसलेला. साफ केला, दिवे पुसले, वडखळपर्यंत फेरी मारली. एकही दिवा नाही. मी खूश, भाचा खूश. चार तक्रारी एकच गोष्ट सांगत होत्या, तिकडे मात्र मी डोळेझाक केली.

आठवड्याने फोन आला. पुन्हा पाहुणे, पुन्हा तीच खिंड, तेच पाच दिवे. गावात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले खिंडीत नारळ दे, कोणी म्हणाले लिंबू-मिरची बांध. पाहुण्यांनी पुढचे दोन दिवस रद्द केले, हे त्याहून वाईट.

तेव्हा मी स्कॅनर बाजूला ठेवला आणि भाच्याला नुसते प्रश्न विचारले. दोन्ही दिवशी सकाळपासून काय काय झाले? उत्तर सारखेच आले. पाहुणे दिवसभर किनाऱ्यावर, गाडी उभी, इंजिन बंद, आत फ्रिज आणि पंखे सुरू, आभाळ भरलेले म्हणून सोलरचा उपयोग नाही. संध्याकाळी निघताना दुसरी बॅटरी पार उतरलेली. इंजिन सुरू झाले की ती तहानलेल्या बैलासारखी करंट ओढू लागायची. माझ्याकडे गाडी आली होती त्याच्या आदल्या रात्री मात्र ती घरच्या विजेवर भरून घेतली होती. म्हणून माझ्या अंगणात तिचे काही दुखत नव्हते.

मग तसेच केले. दुसरी बॅटरी मुद्दाम उतरवली, इंजिन सुरू केले, मोठे दिवे आणि वायपर लावले. मीटरची एक सुई मुख्य बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी गाडीच्या अंगाला, जिथे अर्थिंगच्या वायरी एका बोल्टावर येतात तिथे लावली. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. मीटरवर अडीच आले! बोल्टाला बोट लावले तर चटका बसला. नट सैल, खाली रंग न खरवडताच वायर आवळलेली, आणि तांब्यावर हिरवी बुरशी. दुसऱ्या बॅटरीची मायनस वायर बसवणाऱ्याने ज्या बोल्टावर आवळली होती, त्याच बोल्टावर ए.बी.एस.चीही अर्थिंग होती. खड्ड्यांनी नट सैल केला, खारीच्या दमट हवेने तांबे खाल्ले. तासभर चालून बोल्ट तापला, त्यात खिंडीचा चढ, गाडी हळू, दिवे आणि वायपर चालू, की डब्यांना पुरेसा करंट मिळेना. खिंड बिचारी निर्दोष होती.

रंग खरवडून पत्रा उघडा केला, दुसऱ्या बॅटरीला जाड वायरीने स्वतंत्र अर्थिंग दिले, नवे लग लावून नट घट्ट केले, वरून ग्रीस. पुन्हा तशीच उतरलेली बॅटरी ठेवून मीटर लावला, तर जेमतेम ०.०५. खर्च झाला तो वायरीचा आणि लगचा. ए.बी.एस.चा डबा होता तसाच आहे आणि भाचा खिंडीतून ये-जा करतो आहे.

आता तुमच्यावर असा प्रसंग आला तर कोणत्या क्रमाने पाहायचे ते सांगतो. स्वस्तापासून महागाकडे जायचे, हे सूत्र.

पहिले, बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ च्या आसपास दाखवतो. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. इंजिन सुरू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसावे. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम वरखाली होतो, पण तो बाराखाली राहत असेल तर चार्जिंग तपासा. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी ती काढा. वायर सोडताना मायनस पहिली, लावताना मायनस शेवटी, आणि हातातली अंगठी-कडे काढून ठेवायचे.

दुसरे, अर्थिंग. वर सांगितले तसे, गाडीवर भार टाकून मोजा. उभ्या, थंड गाडीत दोष लपून राहतो.

तिसरे, ब्रेकचा स्विच. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने मागचे लाल दिवे पाहावेत. ते लागत नसतील किंवा लागूनच राहत असतील, तर हा छोटासा स्विच बऱ्याच दिव्यांचे मूळ असू शकतो.

चौथे, चाके. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या हवेचे हवेत. सेन्सरवर चिखल आहे का, वायर घासली आहे का, बेअरिंग डुलते का, ते पाहा.

पाचवे, उंदीर. भात कापले की शेतातले उंदीर घराकडे येतात आणि गरम इंजिनापाशी मुक्काम करतात. वायरीवर दातांच्या खुणा शोधा. गाडीशेजारी धान्याची पोती किंवा पेंढा ठेवू नका.

सहावे, कॅमेरा आणि रडार. कॅमेरा बहुधा पुढच्या काचेमागे आरशाजवळ आणि रडार पुढच्या जाळीत किंवा बंपरमागे असते. खंडेनवमीला गाडीची पूजा जरूर करा, पण झेंडूचे तोरण रडारसमोर आणि गंधाचा टिळा कॅमेऱ्यावर नको. पुढची काच बदलली असेल तर कॅमेऱ्याची मांडणी यंत्रावर पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

हे सगळे ठीक असेल तरच स्कॅनर आणि मोठा मिस्त्री. स्कॅनरही ए.बी.एस.चे डबे वाचणारा हवा. स्वस्तातली यंत्रे बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे वाचतात. कोड पुसण्याआधी कागदावर उतरवून घ्या. कोड तक्रार कोणाची ते सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. बॅटरी सोडून पुन्हा लावल्यावर एखादा दिवा राहिला, तर पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून थोडे अंतर सरळ चालवले की तो जातो. काहींत यंत्रच लावावे लागते.

तीन गोष्टी मात्र करू नका. दिवा दिसू नये म्हणून फ्यूज काढू नका. गाडीला हुक किंवा कॅरिअर वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी सोडल्याशिवाय वेल्डिंग होऊ देऊ नका. आणि सेन्सरवर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका.

आणखी एक. ताईने आता गाडीच्या खणात एक वही ठेवली आहे. दिवा लागला की तारीख, जागा, पाऊस होता की ऊन, गाडीत काय काय सुरू होते, एवढे ती भाच्याकडून लिहून घेते. ती म्हणते, "गाईचं दूध कमी झालं की मी आधी वैरण कुठली घातली ते आठवते, मग डॉक्टरला बोलावते." चाळीस वर्षे पाने-पक्कड हाताळून जे मी विसरलो होतो, ते ताईला गोठ्यातच कळले होते.

पुढच्या खेपेला, वालाला पाणी द्यायची वेळ येण्याआधी, पंपाच्या मोटरीची निगा. तोवर राम राम.