भाड्याचा टोमॅटो

गणपतीच्या दहा दिवसांत माणसानं काय काय सहन करावं, याला शास्त्रात मर्यादा सांगितलेली नाही. वर्गणी सहन करावी, लाउडस्पीकर सहन करावा, सेक्रेटरींचं प्रास्ताविकही सहन करावं. माझी यांपैकी कशाबद्दलही तक्रार नाही. तक्रार आहे ती फॅन्सी ड्रेसमधल्या टोमॅटोबद्दल.

तसं टोमॅटोशी माझं वैर नाही. सारात, कोशिंबिरीत तो मला प्रिय आहे. वैर आहे ते भाड्यानं आणलेल्या टोमॅटोशी. लाल सॅटिनचा फुगा, डोक्यावर हिरवी टोपी आणि मधे घामाघूम झालेलं पाच वर्षांचं पोर. ते माइकपाशी येतं, विंगेतल्या आईकडे बघतं आणि म्हणतं, "मी टोमॅटो. माझ्यात क जीवनसत्त्व असते. मला रोज खा. धन्यवाद." मग गाजर येतं. त्याच्यात अ जीवनसत्त्व असतं. मग पुन्हा टोमॅटो! तेच सॅटिन, तीच टोपी, तेच भाषण. फरक फक्त वाहणाऱ्या नाकाचा. दोघेही एकाच दुकानातून आलेले असतात.

आमच्या बँकेत एकाच नंबरच्या दोन नोटा काउंटरवर आल्या, तर त्यातली एक नक्की खोटी असं धरून आम्ही कामाला लागतो. इथे दोन्ही टोमॅटो खोटे असतात आणि त्यातल्या एकाला पहिला नंबर मिळतो!

मी पडलो बी. कॉम. त्यामुळे प्रथम हिशेब मांडतो. आमच्या भागात भाडं चारशे, डिपॉझिट पाचशे. २०२३ च्या जुलैत खरा टोमॅटो कित्येक शहरांत दोनशे रुपये किलोच्या घरात गेला होता. तेव्हासुद्धा या भाड्यात दोन किलो आले असते आणि घरभर सार झालं असतं. शिवाय डाग पडला की डिपॉझिट कापलं जाणार. म्हणून पोराला संध्याकाळभर बजावलं जातं, "बसू नकोस, पळू नकोस आणि खबरदार काही खाल्लंस तर!" खाद्यपदार्थाचं सोंग घेतलेल्या पोराला खाण्याचीच बंदी! वर चेन पाठीमागे असल्यामुळे ऐन वेळी शू लागली, तर तीही डिपॉझिटच्या खात्यात.

बरं, इतकं करून टोमॅटोबद्दल पोराला काय कळलं? क जीवनसत्त्व. ज्या १८९३ सालाशी आपण सार्वजनिक गणेशोत्सव जोडतो, त्याच साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टोमॅटोवर खटला चालला होता. भाजीवर आयात जकात होती, फळावर नव्हती. व्यापारी म्हणाले, शास्त्राप्रमाणे हे फळ आहे. न्यायालय म्हणालं, लोक जेवणात भाजीसारखा खातात, तेव्हा जकातीपुरती ही भाजी, भरा पैसे. हे सांगितलं असतं तर मांडव हसला असता आणि पोरालाही आपण कोण आहोत याची जरा मजा वाटली असती. पण भाड्याच्या पोशाखाबरोबर भाषणही भाड्याचंच येतं.

आपल्याकडे 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही' अशी म्हण आहे. फॅन्सी ड्रेसवाल्यांनी ती उलटी टांगली आहे. आता फक्त पैशाचंच सोंग आणता येतं, बाकी कुठलं येत नाही! आणि हे त्या महाराष्ट्रात, जिथे बहुरूप्यानं चेहऱ्याला रंग फासून गावोगाव पोट भरलं. जिथे जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याचे मुखवटे कागदाच्या लगद्यातून गावातच घडत आले. सोंग आणायचं म्हणजे आधी ते करायचं, एवढी साधी गोष्ट होती.

ही गोष्ट अजून संपलेली नाही, याचा पुरावा माझ्यापाशी आहे. परवाच्या गणपतीत आमच्या शेजारची सात वर्षांची मुलगी थालीपीठ होऊन आली. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापलेला, मधे भोक आणि त्या भोकातून तिचा चेहरा. पुठ्ठ्यावर जुन्या धोतराचं फडकं मैद्याच्या खळीनं चिकटवून वर हळदीचा हात दिलेला. त्यावर तीळ आणि कांद्याची सालं. सगळ्यात बहारीचे होते ते खमंग भाजल्याचे लाल डाग. आजीनं आपल्या पानाच्या डब्यातला चुना नातीच्या बोटाला लावला आणि म्हणाली, "टेकव आता." हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे त्या पोरीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कुंकू पूर्वी असंच करत, हेही तिला तेव्हाच कळलं.

माइकपाशी येऊन ती म्हणाली, "मी थालीपीठ. माझ्या मधलं भोक तेल सोडायला असतं. ते नसलं तर मी मधे कच्ची राहते." मांडवात टाळ्यांचा पाऊस पडला. बक्षीस? उत्तेजनार्थ, एक पेन्सिल. पहिला नंबर भाड्याच्या स्ट्रॉबेरीला. परीक्षकांनी कारण दिलं, "फिनिशिंग चांगलं होतं." अहो, फिनिशिंग दुकानदाराचं होतं! मग बक्षीस त्याला पाठवा. त्या मुलीनं आजीला विचारलं, "पुढच्या वर्षी आपणपण भाड्यानं आणायचा का?" माझं भांडण आहे ते या प्रश्नासाठी. सात वर्षांच्या पोरीला आपण एका पेन्सिलीत शिकवलं, की स्वतःच्या हातानं केलेलं ते कमी दर्जाचं.

आता तुम्ही म्हणाल, "दोघंही नोकरीला, वेळ कुठे आहे?" मान्य. पण दुकानात जाणं, मापाला घालून बघणं, परत देणं, डिपॉझिटसाठी हुज्जत घालणं, यालाही दोन संध्याकाळी जातातच. त्याच दोन संध्याकाळी पुठ्ठ्याला द्या. ओबडधोबड होईल? होऊ दे. थालीपीठ कुठे कंपासनं थापतात? मात्र बापानं रात्र जागून एकट्यानं दिवे लागणारा बर्गर बनवायचा आणि पोराला फक्त आत उभं करायचं, हेही चालणार नाही. तोही भाड्याचाच टोमॅटो. फक्त भाडं बापानं जागरणात भरलेलं.

सर्व मंडळांना आणि शाळांना माझी नम्र, पण ठाम सूचना आहे. पोराला जीवनसत्त्व विचारू नका. एकच प्रश्न विचारा, "बाळ, यातलं तू काय केलंस?" मार्क त्या उत्तराला. कुणी म्हणेल, "मी सालं चिकटवली", कुणी म्हणेल, "मी खळ ढवळली आणि थोडी सांडली." दोघांनाही नंबर द्या. जो उत्तरासाठी विंगेत आईकडे बघेल, त्याला प्रेमानं चॉकलेट द्या, चेन उघडून मोकळा करा आणि पोशाख दुकानात परत पाठवा. डाग नसेल तर डिपॉझिट मिळेल.